ठाकरांच्या डोंगरावर दौंडचा डॉक्टर

आग्या मोहोळ घराच्या वळचणीला बसत नाही. त्याला उंची लागते. शहापूर-मुरबाडच्या मुलखात त्या उंचीला तोटा नाही. माहुलीचे सुळके आहेत, आजोबाचा कडा आहे, सिद्धगड आणि गोरखगडाच्या उभ्या भिंती आहेत. कातळाच्या पोटाला एकच मोठं पोळं उघड्यावर लोंबतं, कधी हात-दीड हात रुंद, कधी त्याहून मोठं. लांबून पाहिलं तर काळपट डाग दिसतो. थोडं थांबून पाहिलं तर त्या डागावरून लाट सरकल्यासारखी दिसते. हजारो माश्या एकीमागून एक पोट उचलतात आणि गांधीलमाशीसारख्या शत्रूला तिथूनच बजावतात. राणी या सगळ्यांच्या आत, दिसायची नाही अशी. मध काढणारे ठाकर आणि कातकरी अंधाऱ्या रात्री चूड पेटवून, धूर करून वर चढतात, कारण दिवसा या माश्यांच्या वाटेला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. एक माशी डसली की डंखाबरोबर एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. कामकरी माशी डसून मरते. तरीही मागची थांबत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण, मराठीतल्या एका फार गाजलेल्या चित्रपटाची कथा या वागण्यावरच उभी आहे. नाग्या हा ठाकराचा पोर. बाप भगत. पुण्यवंत माणसाला राणीमाशी दिसते, असं तो ऐकून असतो आणि आपण पुण्यवंत व्हायचं हे मनावर घेतो. तसं तो वागतोही. पण माशी त्याचा एक डोळाच घेते. मग पुण्य बाजूला राहतं आणि वैर सुरू होतं : लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळं झाडून टाकायची, राणीचा सूड घ्यायचा. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव टाकते आणि या वेडात त्याच्या बरोबरीने उतरते. शेवटी नाग्या जिंकतो आणि चिंधी माश्यांच्या डंखांनी मरते. गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी, ‘जैत रे जैत’. चित्रपट 1977 चा. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल.

लिंगोबाचा डोंगर म्हणजे आपला माहुली नव्हे की आजोबा नव्हे. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी नाचणी-वरी करणारी, मोहाच्या झाडाखाली सकाळी सकाळी टोपली घेऊन बसणारी, भगताला विचारल्याशिवाय मोठं काम न काढणारी ठाकरवाडी कशी असते, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकाला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून या प्रकरणात या दिग्दर्शकाकडे आपण आपल्या डोंगराच्या बाजूने पाहणार आहोत.

जब्बार पटेलांचा जन्म 23 जून 1942 चा, पंढरपूरचा. शालेय शिक्षण सोलापुरात, हरिभाई देवकरण प्रशालेत. सोलापुरात प्रा. श्रीराम पुजारी यांचं घर हे गाण्याचं, नाटकाचं आणि पुस्तकांचं घर होतं. मोठमोठे गायक-लेखक सोलापुरात आले की तिथे उतरत. या घराची सावली जब्बारांना शाळकरी वयात मिळाली. मुसलमान घरातल्या पोराने ब्राह्मण प्राध्यापकाच्या घरी कुमार गंधर्व आणि पु. ल. देशपांडे जवळून पाहावेत, हा त्या काळच्या सोलापूरचा मोठेपणा. पुढच्या सगळ्या चित्रपटांत गाण्याला जी जागा मिळाली तिचं मूळ शोधायचं तर ते या घरात सापडतं, असं मला वाटतं.

पुढे पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज. हे कॉलेज डॉक्टर घडवायचं, पण नटही घडवायचं. कान-नाक-घशाचे सर्जन श्रीराम लागू तिथले, मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे तिथले. सतीश आळेकरांनी नोकरी केली तीही तिथेच, जीवरसायनशास्त्रात. जब्बार बालरोगतज्ज्ञ झाले. पत्नी डॉ. मणी स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी दवाखाना थाटला तो दौंडला. पुण्यापासून रेल्वेने पाऊणशे किलोमीटर, जंक्शनचं गाव. सकाळी तपासायला आलेली पोरं आणि संध्याकाळी पुण्यातली तालीम असा संसार. ‘फावल्या वेळातला दिग्दर्शक’ म्हणून कोणी नाक मुरडू नये. पोटापाण्याची सोय दवाखान्यात होती म्हणूनच या माणसाला कधी न पटणारा चित्रपट करावा लागला नाही. कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत लोकल धरून नोकरी करणारे आणि सुट्टीच्या दिवशी नाटकात रमणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना हे गणित लगेच उमगेल.

पुण्यात भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था होती. तिच्यासाठी जब्बारांनी विजय तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ बसवलं आणि मग 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. या नाटकात पडदा नव्हता, माणसं होती. धोतर-उपरण्यातले बारा ब्राह्मण रांगेने उभे राहत. त्यांनी पाठ फिरवली की भिंत व्हायची. रांग फुटली की रस्ता व्हायचा. तीच माणसं गात, नाचत, कुजबुजत आणि मागे काय चाललंय ते प्रेक्षकापासून दडवत. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. दशावतार, खेळे, तमाशा, कीर्तन यांतलं जे जे लागेल ते घेतलेलं, पण कशाचीच नक्कल नाही.

नानांचं चित्रण पाहून पुण्यात गदारोळ झाला. 19 प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग जब्बार, आगाशे, आळेकर आणि त्यांचे सोबती बाहेर पडले आणि 27 मार्च 1973 ला थिएटर अकॅडमी स्थापन झाली. त्यानंतर ‘घाशीराम’ वर्षानुवर्षं चाललं आणि 1980 मध्ये युरोपातही जाऊन आलं. संस्थेने नाटक बंद केलं नसतं तर थिएटर अकॅडमी झाली नसती, आणि थिएटर अकॅडमीची ही घट्ट मंडळी नसती तर पुढचे चित्रपट निराळे झाले असते. ‘जैत रे जैत’चा नाग्या आणि त्याची पटकथा दोन्ही याच मंडळींतून आली.

पडद्यावरची सुरुवात ‘सामना’ची. निर्माता रामदास फुटाणे, जामखेडचा चित्रकला शिक्षक आणि वात्रटिकाकार कवी. पटकथा तेंडुलकरांची. साखर कारखान्याचा मालक म्हणावा असा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि दारूत बुडालेला, कधी काळी स्वातंत्र्यासाठी लढलेला मास्तर म्हणजे डॉ. लागू. हिंदुराव मास्तरला उचलून घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो. शुद्धीवर येत येत मास्तर एकच प्रश्न विचारू लागतो : मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं? गावात त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. फुलेंचा हिंदुराव नुसता खलनायक नाही. त्याने गावाला रस्ता दिला, वीज दिली, नोकऱ्या दिल्या. त्याला खरोखरच वाटतं की एवढं केल्यावर एखादा मारुती कांबळे माफ असावा. सहकाराच्या राजकारणावर मराठीत इतकं नेमकं बोट त्याआधी कोणी ठेवलं नव्हतं. हा कृष्णधवल चित्रपट 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. तो महोत्सव जूनअखेरीस भरला, म्हणजे इथे आणीबाणी पुकारली गेली त्याच आठवड्यात.

मारुती कांबळेची भूमिका मोहन आगाशेंची. लहानशा भूमिकेत स्मिता पाटील. या दोघांना पुढे ‘जैत रे जैत’मध्ये नाग्या आणि चिंधी व्हायचं होतं.

‘जैत रे जैत’ करायला घेताना जब्बारांनी जे ठरवलं ते धाडसाचं होतं. ठाकरांची कथा सांगायची तर ती गाण्यातून सांगायची. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, निर्मिती उषा मंगेशकरांची. गीतं लिहायला बोलावले ना. धों. महानोर, अजिंठ्याजवळच्या पळसखेडचा शेतकरी कवी, ज्याच्या कवितेत जोंधळा, पाऊस आणि बाई एकाच मातीतून उगवतात. लता, आशा आणि उषा या तीन बहिणी गायल्या. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज ढोलाच्या साथीने कथेचा धागा पुढे ओढत राहतात. इथे ‘घाशीराम’ आठवतं. तिथे बारा ब्राह्मणांची रांग कथा सांगत होती, इथे ठाकरांचा गाणारा घोळका. पात्रं बोलायची थांबतात तेव्हा डोंगर बोलतो, आणि डोंगर बोलतो म्हणजे हा घोळका गातो.

मोहन आगाशे तर मनोविकारांचे डॉक्टर. त्यांचा नाग्या पाहताना हे वारंवार जाणवतं. त्याच्या हट्टात वेड किती आणि श्रद्धा किती, हे ते शेवटपर्यंत उलगडून दाखवत नाहीत. निळू फुलेंना इथे भगताच्या भूमिकेत पाहावं, ‘सामना’तल्या मिजासखोर पाटलाचा मागमूसही नाही. आणि स्मिता पाटील. चिंधी ही नवरा सोडून आलेली बाई आहे, पण चित्रपट तिला बिचारी करत नाही. ठाकरांत बाईला नवरा नकोसा झाला तर दुसरं घर करायला गावाची आडकाठी नसते, देणं-घेणं मिटलं की झालं. शहरातल्या प्रेक्षकाला हे बंड वाटलं, ठाकरवाडीला रीत वाटली असती. जब्बारांनी रीत म्हणूनच दाखवलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आपल्या डोंगरावरून पाहिलं तर काय खटकतं तेही सांगू. पहिली गोष्ट बोली. चित्रपटातली बोली पडद्यासाठी घडवलेली आहे, गोड आहे, पण शहापूर किंवा मुरबाडच्या ठाकरवाडीत गेलात तर ती तशी ऐकू येणार नाही. दुसरी गोष्ट गाण्याची. ठाकरांचा कांबडनाच असतो, गौरीचा नाच असतो. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि ढोल सांगेल तशी रांग वळायची. याच पट्ट्यातल्या आदिवासींकडे थाळगान आहे : काशाच्या थाळीच्या मधोमध मेण लावतात, त्यात बारीक काडी उभी करतात आणि ती काडी बोटांनी वरून खाली ओढत गेलं की थाळी घुमायला लागते. त्या एका अखंड सुरावर कथा रात्रभर चालते. ते मेणही मोहोळाचंच. मंगेशकरांच्या चाली अप्रतिम आहेत, पण त्या महानोर-मंगेशकरांच्या आहेत, ठाकरांच्या नाहीत. आणि झालं असं की ऑर्केस्ट्रात, गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘ठाकरांचं गाणं’ म्हणून हीच गाणी पोचली. आश्रमशाळेतली ठाकराची पोरगीसुद्धा स्टेजवर आपल्या आजीचं गाणं सोडून चित्रपटातलं गाणं म्हणते. दोष चित्रपटाचा नाही. तो इतका चांगला झाला, हीच पंचाईत.

या टप्प्यावर जपानकडे एक नजर टाकायला हरकत नाही. 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला तेव्हा अकिरा कुरोसावांचा ‘राशोमोन’ इथे दाखवला गेला होता. कुरोसावांची ख्याती एकट्याने सारं हुकमी चालवणारा बादशहा अशी. पण ‘सेव्हन सामुराय’ची पटकथा त्यांनी हाशिमोतो आणि ओगुनी या दोघा लेखकांबरोबर एका सरायीत मुक्काम ठोकून लिहिली. तोशिरो मिफुने आणि ताकाशी शिमुरा हे नट चित्रपटामागून चित्रपट त्यांच्या बरोबर राहिले. अर्थात कुरोसावांमागे तोहोसारखा मोठा स्टुडिओ होता आणि हातून 30 चित्रपट झाले. जब्बारांमागे दौंडचा दवाखाना होता आणि त्यांचे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण दिग्दर्शकाचं पहिलं काम योग्य माणसं गोळा करणं हेच, या बाबतीत दोघांचं जमलं असतं. जब्बारांनी साखर कारखान्यासाठी तेंडुलकर निवडले, ठाकरांसाठी महानोर, पुढे ‘एक होता विदूषक’साठी पु. ल. माणूस निवडला की त्याच्या लेखणीच्या आड यायचं नाही. स्वतःची अशी छापील शैली त्यांच्याकडे नाही. काही समीक्षकांना ही उणीव वाटते, मला ती या माणसाची ताकद वाटते.

‘सिंहासन’ (1979) अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री डॉ. लागू, कामगार नेता सतीश दुभाषी, आणि हे सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शरद पवार मुख्यमंत्री असताना खऱ्या सरकारी इमारतींत चित्रीकरणाची परवानगी मिळाली. आज अशी परवानगी मागून पाहावी. शहापूरच्या माणसाला हा चित्रपट पाहताना एक वेगळीच गंमत वाटते. पडद्यावर ज्या मुंबईची सत्ता हातातून हातात फिरते, ती मुंबई तानसा आणि भातसाचं पाणी पिते, आणि धरणाच्या उशाशी असलेल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. हा विषय ‘सिंहासन’मध्ये नाही. तो अजून कोणाच्याच चित्रपटात धडपणे आलेला नाही.

‘उंबरठा’ (1982) शांता निसळांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक होते आणि परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. हिंदीत तोच ‘सुबह’. यातली सुधारगृहाची दृश्यं कुटुंबाच्या दृश्यांपेक्षा जास्त पक्की आहेत. 1986 मध्ये स्मिता पाटील गेली, आणि जब्बारांच्या चित्रपटांतल्या बाईचा चेहराच गेला.

नंतर ‘एक होता विदूषक’ (1992). लक्ष्मीकांत बेर्डे यांना लोक विनोदी नट म्हणून ओळखत होते, इथे त्यांनी तमाशातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात जाणारा, हसवता हसवता आतून रिकामा होत गेलेला माणूस उभा केला. थिएटरात चित्रपट फारसा चालला नाही. ‘मुक्ता’ (1994) चांगल्या हेतूचा, पण हेतू कथेच्या पुढे धावतो. मग आला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. इंग्रजी चित्रपट, अनेक वर्षांचं काम, आणि बाबासाहेबांच्या भूमिकेत केरळचे मामुट्टी, ज्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2000 मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा मोठ्या थिएटरांनी त्याला जागा द्यायला खळखळ केली. वाड्या-वस्त्यांवर, बुद्धविहारांत तो पुढे पडद्यापेक्षा सीडीवर अधिक पाहिला गेला.

2014 मध्ये त्यांनी यशवंतराव चव्हाणांवर चित्रपट केला. कुमार गंधर्वांवरचा त्यांचा माहितीपट तर सोलापूरच्या त्या पुजारी सरांच्या घराचं ऋण फेडण्यासारखा. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा त्यांनी वर्षानुवर्षं वाहिली, आणि शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

आपल्या भागातल्या वाचकाने त्यांचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, असं कोणी विचारलं तर मी सांगेन : आधी ‘सामना’, कारण तो सगळ्यांत चांगला. मग ‘सिंहासन’. ‘जैत रे जैत’ शेवटी पाहा, आणि एकट्याने पाहू नका. वाडीतल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन बसा, मोहोळ उतरवलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला पुढे बसवा, आणि चित्रपट संपल्यावर त्याला काय चुकलंय ते विचारा. तो सांगेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि त्याला थाळीवरची कथा येत असेल तर तीही.